टिंब पुसण्याआधी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, म्हणजेच आपल्या संस्थेचे संचालक महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले गणित विभागाचे नवे प्रमुख, रुग्णालयातली ड्यूटी आटोपून तसेच धावत आलेले डॉक्टर आणि परिचारिका, खुर्च्या रिकाम्या असूनही मागच्या दाराशी उभे राहण्याची सवय न सुटलेले माझे विद्यार्थी, आणि ज्यांना निरोप देण्यासाठी आपण आज इतकी फुलं तोडली आहेत, त्या आपल्या बाई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. 'सर, तुम्ही संस्थेतले सगळ्यांत जुने, बाईंच्या काही गोड आठवणी सांगा,' असं मला फोनवर सांगण्यात आलं. आठवणी सांगतो. गोडाचं मात्र काही खात्रीनं सांगता येत नाही.

सुरुवातीलाच एक परवानगी मागतो. पहिल्या रांगेत, बाईंच्या शेजारी, चाकांच्या खुर्चीत माझी थोरली बहीण बसली आहे. तिच्या मांडीवर जे कागद दिसताहेत ते माझं हे भाषण आहे, मोठ्या अक्षरांत लिहून काढलेलं. तिला ऐकू येत नाही. मी बोलतो आहे आणि ती वाचते आहे. ती पान उलटेल तेव्हा खसखस होईल, तिकडे कृपया वळून बघू नका. तिला ऐकू का येत नाही ते ओघात येईलच. आजच्या कार्यक्रमाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे.

निमंत्रणपत्रिका आपण सर्वांनी पाहिली असेल. कागद फार सुंदर आहे. त्यावर लिहिलं आहे की बाई 'स्वेच्छेने' निवृत्त होत आहेत. मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. गुडघ्याखाली हातोडी मारली की पाय उडतो, त्याला आम्ही विद्यार्थ्यांना 'इच्छा' म्हणू देत नसू. असो. अध्यक्षांनी टेबलावरच्या घड्याळाकडे बघितलं. ते घड्याळ बाईंना भेट द्यायचं आहे, ते अजून खोक्यात असतं तर बरं झालं असतं.

म्हातारा माणूस बोलायला उभा राहिला की शाळेत जातो. मीही जातो, मला इलाज नाही. माझी ही बहीण माझी बहीणही होती आणि चौथीतली बाईही. घरी ताई म्हणायचं आणि वर्गात बाई म्हणायचं. एकदा चुकून वर्गात ताई म्हणालो तर बाकावर उभं केलं आणि संध्याकाळी घरी त्याच हातानं दूध दिलं. ती कविता शिकवायची. म्हणजे काय, तर फळ्यावर लिहायची आणि आमच्याकडून टाळी धरून म्हणून घ्यायची. खिडकीतून दुपारचं ऊन तिरकं येऊन फळ्याच्या एका कोपऱ्यावर थांबायचं, खडूची धूळ त्यात तरंगायची, आणि आम्ही सगळे एका आवाजात हेलकावे खायचो. आजही झोप येईनाशी झाली की मी त्या वर्गात जाऊन बसतो.

एक दिवस एका ओळीपाशी टाळी चुकायला लागली. आमच्यातला एक हुशार पुढे झाला, म्हणाला, 'बाई, हा शब्द जास्त आहे,' आणि त्यानं डस्टर घेऊन तो पुसूनच टाकला. आता टाळी बरोबर बसली. आम्ही खूश. ताई रागावली नाही. तिनं तो शब्द पुन्हा लिहिला आणि म्हणाली, 'पुसण्याआधी म्हणून बघायचं असतं. कवीनं उगाच नाही ठेवलेला. आता हळू म्हणा. टाळी ऐकू नका, ओळ ऐका.' आम्ही हळू म्हटली. शब्द जागच्या जागी होता. आमचीच टाळी घाईची होती.

हे मी ताईला विचारून सांगतो आहे. तिचं म्हणणं आहे की तो हुशार म्हणजे मीच होतो. वय झालं की आठवणीत थोडी सरमिसळ होते, तिच्या.

आता बाईंकडे येतो.

बाई या संस्थेत आल्या तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांत मी होतो. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न होता, रुग्णालयात गणिताची बाई कशाला? एकानं तर तो विचारलाच. म्हणाले, 'तुम्ही इथे नेमकं काय करणार? आमचे हिशेब तपासणार का?' बाईंनी शांतपणे विचारलं, 'शाळेत हौदाची गणितं केली होतीत का? एका नळानं हौद भरतो, दुसऱ्यानं रिकामा होतो, तर अमुक वेळानं पाणी किती?' ते म्हणाले, 'केली होती, कधी सुटली नाहीत.' बाई म्हणाल्या, 'तीच करणार. फक्त हौद म्हणजे तुमचा पेशंट.'

पुढची कित्येक वर्षं त्यांनी तेच केलं. ज्याला आज सगळे ऐटीत मॉडेल म्हणतात आणि समारंभात गणिती प्रतिमान म्हणतात, ते मुळात एवढंच आहे. औषध रक्तात शिरतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. किती शिरलं, किती गेलं, किती उरलं हे समीकरणात मांडायचं, म्हणजे पुढचा डोस केवढा आणि केव्हा हे आधी सांगता येतं. कमी पडला तर जंतू जगतात, जास्त झाला तर माणसाला इजा होते. दोन्हींच्या मधली पायवाट शोधायची. मला तर ही कविताच वाटत आली आहे. कोणाला हसू येत असेल तर त्यानं खुशाल हसावं.

त्यांची खोली तळघरात, मोडक्या चाकखुर्च्यांच्या कोठाराला लागून. खिडकीतून लोकांचे फक्त पाय दिसायचे. संस्थेत सगळीकडे पांढरे चकचकीत फळे आले, बाईंनी मात्र आपला काळा फळा सोडला नाही. त्यावर एक मोठी वक्र रेषा आणि रेषेभोवती टिंबं. प्रत्येक टिंब म्हणजे एका पेशंटच्या रक्तात एका वेळी सापडलेलं औषध. बहुतेक टिंबं रेषेला बिलगून असायची. काही मात्र वर्गातल्या खोडकर पोरांसारखी दूर जाऊन उभी.

अशा टिंबांचं जगभर काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. पुसतात. त्याला छान छान नावं आहेत. बाईंच्या खोलीत मात्र एक रीत होती. टिंब पुसायचं असेल तर आधी वॉर्डात जाऊन त्या टिंबाला भेटून यायचं. त्याच्या खाटेशी बसायचं. 'कसं काय' विचारायचं. मग येऊन कारण सांगायचं आणि मग डस्टर उचलायचं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे टिंबबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

ज्या विद्यार्थ्याला बाईंनी सगळ्यांत पहिल्यांदा असं पिटाळलं, ते आज व्यासपीठावर आहेत, आपले नवे विभागप्रमुख. तेव्हा ते अगदी कोवळे होते. एक टिंब असं उंच गेलं होतं की ते खरं मानलं तर पेशंट जिवंत असणंच अवघड. हे कुरकुरत वर गेले. खाटेवर एक निवृत्त ड्रायव्हर पेपर वाचत बसलेले. यांनी विचारलं, 'आजोबा, बरं वाटतंय ना?' आजोबा म्हणाले, 'मला बरंच वाटतंय, तुमचा चेहरा का पडलाय?' बोलता बोलता कळलं की दुसऱ्या हाताची शीर सापडेना, म्हणून ज्या हातात औषधाची सलाईन चालू होती त्याच हातातून रक्त काढलं होतं. म्हणजे नळाखालीच भांडं धरायचं आणि म्हणायचं हौद भरला. हे धावत खाली आले, कारण सांगितलं, टिंब पुसलं. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला. तो चहा मीही प्यालो आहे.

त्या चहाचीच चूक झाली की काय, असं मला हल्ली वाटतं.

कारण तेव्हापासून विभागात एक समजूत रुजली की वर गेलेलं टिंब म्हणजे चुकीच्या हातातून घेतलेलं रक्त. सुरुवातीला लोक जाऊन बघत आणि कधीकधी तसं निघतही असे. मग न जाता अंदाज बांधू लागले. मग संगणकाला शिकवलं की रेषेपासून इतकं दूर गेलेलं टिंब आपणहून गाळ आणि कारण लिही: चुकीचा हात. एक हात चुकला होता, आपण सगळ्यांचेच हात चुकीचे ठरवले. अडाणी माणसाकडून ही चूक होणार नाही, मित्रहो. त्यासाठी एकदा बरोबर उत्तर आलेलं असावं लागतं.

आता ताई. (ताई, तू आता तिसऱ्या पानावर असशील. चष्मा नीट कर.)

ताईचं खुब्याचं हाड मोडलं आणि ती अंथरुणाला खिळली. कित्येक महिने. मूळची काठीसारखी, ती आणखी वाळली. मग रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि तिला आपल्याच रुग्णालयात आणलं. आपल्याच मॉडेलवरून बनवलेला डोसचा तक्ता तेव्हा एका वॉर्डात चाचणीसाठी लावला होता. तिथेच तिला खाट मिळाली. मला त्याचा अभिमान वाटला. मी नर्सला सांगितलंसुद्धा, 'ही आमच्या तळघरातली विद्या बरं का.'

मी तिच्याजवळ बसून कविता म्हणायचो. ती डोळे मिटून ऐकायची, ओळ चुकलो की डोळे न उघडता दुरुस्त करायची. एके दुपारी मी मुद्दाम चुकलो. ती काही बोलली नाही. मला वाटलं झोप लागली. मग तिनं डोळे उघडले आणि विचारलं, 'थांबलास का रे? म्हण ना.' मी थांबलोच नव्हतो.

तिला जंतूंवर दिलेलं हे औषध रक्तात जास्त साठलं तर कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारतं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहून शिकवलं आहे.

त्याच दिवशी तळघरात एक टिंब रेषा सोडून वर गेलं. संगणकानं ते गाळलं. बाईंनी ते गाळलेल्यांतून वेचून काढलं आणि आपल्या रीतीप्रमाणे जिना चढून वॉर्डात आल्या. तिथे खाटेवर माझी बहीण आणि शेजारी मी. त्यांना ठाऊक नव्हतं. क्षणभर दारातच थांबल्या. मग आधी मला विचारलं, 'सर, रक्त कोणत्या हातातून घेतलं?' मी म्हणालो, 'उजव्या. सलाईन डाव्या हाताला होती. उजवा हात मीच धरून बसलो होतो.'

बाई खाटेच्या कडेला टेकल्या. ताईच्या दंडाभोवती त्यांनी आपला अंगठा आणि मधलं बोट फिरवलं. दोन्ही बोटं एकमेकांना भेटली, आणि वर जागा उरली. बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, 'सर, चूक हाताची नाही. दंडाची आहे.'

औषध त्या तासाला बंद झालं. ताईचा जीव वाचला.

इथे जे वैद्यकातले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. मूत्रपिंड किती काम करतं हे आपण रक्तातल्या क्रिएटिनिनवरून ओळखतो. ते स्नायूंत तयार होतं, मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. रक्तात कमी दिसलं की आपण म्हणतो मूत्रपिंड छान आहे. पण ज्याच्या अंगावर स्नायूच उरले नाहीत त्याच्यात ते तयारच कमी होतं. घरात कचरा दिसला नाही म्हणजे झाडणारा चोख आहे, असं नसतं. कधी कधी घरात कचरा करायला कोणी उरलेलंच नसतं. आपल्या तक्त्यानं ताईचा रिपोर्ट वाचला, थकलेलं मूत्रपिंड ठणठणीत मानलं आणि दणकट माणसाचा डोस दिला.

बाई मग गाळलेल्या एकेका टिंबाला भेटत गेल्या. काही खरोखर चुकीच्या हाताची निघाली, ती त्यांनी स्वतः पुसली. उरलेली सगळी अंथरुणाला खिळलेली, वाळलेली माणसं. कोपऱ्यातल्या खाटा. त्यांनी समीकरणात दुरुस्ती केली. अशा पेशंटचा दंड आधी मोजायचा आणि त्याप्रमाणे डोस उतरवायचा. एक टेप लागते. शिंप्याकडे असते तसली.

त्यानंतर जी बैठक झाली तिथे सल्लागार म्हणून मलाही कोपऱ्यात खुर्ची होती. आपण, अध्यक्ष महोदय, तिथे म्हणालात, 'बाई, नर्सेसनी आता काय दंड मोजत बसायचं?'

बाई म्हणाल्या, 'हो.'

आपण म्हणालात, 'परिषद तोंडावर आली. ही टिंबं वगळली की रेषा किती देखणी बसते बघा. ती घेतली की सगळा आलेख विसकटतो.'

बाई म्हणाल्या, 'विसकटलेला आहे म्हणूनच तो खरा आहे.'

मग आपले नवे प्रमुख मान खाली घालून म्हणाले, 'पण बाई, तुम्हीच मला शिकवलंत ना, वरची टिंबं हाताच्या चुकीची असतात म्हणून.' बाईंचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही, तेव्हाही चढला नाही. म्हणाल्या, 'मी तुला जिना चढायला शिकवलं होतं रे. उत्तर नव्हतं शिकवलं.'

मीही बोललो. तेव्हा आपण फार सौजन्यानं म्हणालात, 'सर, तुम्ही पेशंटचे नातेवाईक आहात, तुमचं मत धरता येणार नाही.' मी ते मानलं, कारण नियम तसा आहे. पण तेव्हापासून विचार करतो आहे, ज्याचं कोणी नातेवाईक नाही त्याचं मत मग कोण मांडणार? कोपऱ्यातल्या खाटेवरच्या माणसाच्या बाजूनं बोलायला एक टिंबबाई होत्या. त्यांना म्हटलं तक्त्यावर सही करा. त्यांनी केली नाही. तर त्यांना म्हटलं, स्वेच्छेनं निवृत्त व्हा.

मला राग आला आहे. या वयात राग आला की डॉक्टर गोळी वाढवतात, म्हणून मी तो जपून वापरतो. पण आज वापरणार. ज्या संस्थेच्या दारावर रुग्णसेवा असं कोरलं आहे तिथे पेशंटला आलेखातून का गाळलं? तर तो देखणा दिसत नाही म्हणून. आणि हे करणारी माणसं वाईट असती तरी समजलं असतं. तुम्ही वाईट नाही आहात. तुम्ही माझ्या वर्गात बसला आहात. तुम्हाला फक्त टाळी जमवायची घाई झाली आहे.

सोमवारपासून तो तक्ता, बाईंच्या दुरुस्तीशिवाय, सगळ्या वॉर्डांत लागणार आहे. खाली सहीची जागा रिकामी आहे. ती सही आता कोणाची होणार हे मला माहीत नाही, पण दोघेही व्यासपीठावर आहेत आणि दोघांच्याही खिशाला पेन दिसतं आहे.

माझी विनंती मोठी नाही. आज आपण इथे जमलो ते एक टिंब पुसण्यासाठीच. संस्थेच्या सुबक रेषेत बाई बसल्या नाहीत, दूर जाऊन उभ्या राहिल्या, म्हणून हे पुष्पगुच्छ आणि हे घड्याळ. निदान त्यांची रीत तरी पाळायची होती. त्यांची खोली आपल्या खोलीच्या बरोबर खाली आहे, अध्यक्ष महोदय. पुसण्याआधी एकदा जिना उतरून भेटलात का त्यांना? मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'साहेबांना वेळ नसतो.' बघा, अजून तुमचीच बाजू घेतात.

ते राहिलं. पण तक्त्याचं अजून हातात आहे. सही करण्याआधी गाळलेल्यांपैकी एका टिंबाला तरी भेटा. जिना चढायचीही गरज नाही, ते पहिल्या रांगेत बसलं आहे. कार्यक्रम संपला की खाली या, तिच्या दंडाभोवती आपली दोन बोटं फिरवा. ती भेटली नाहीत तर मी जाहीर माफी मागेन. भेटली, तर सोमवारच्या तक्त्याबरोबर प्रत्येक वॉर्डात एक टेप पाठवा.

बाई, तुमच्याबद्दल गोड बोलायचं राहूनच गेलं. तुम्ही माझ्या बहिणीला जिवंत ठेवलंत. तिच्या कानांबद्दल तुम्ही अजून हळहळता, ते आता थांबवा. दर आठवड्याला तुम्ही घरी येऊन तिच्या पाटीवर लिहून लिहून तिच्याशी कवितेवरून भांडता, ते मात्र थांबवू नका. तुमच्यासारखी भांडणारी तिला आता दुसरी कोणी नाही. मी हरतो लगेच.

संयोजकांनी मला बोलावलं, याचा त्यांना आता पश्चात्ताप होत असेल, तरीही त्यांचे मनापासून आभार. आपण सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, आभार. माझ्या तोंडून अधिक-उणं गेलं असेल, आवाज चढला असेल, पाच मिनिटांची मर्यादा तर कधीच मोडली, त्याबद्दल वयाकडे बघून पदरात घ्यावं. जे खरं बोललो त्याची मात्र क्षमा मागत नाही.

आणि शेवटची सूचना. टाळ्या अजून वाजवू नका. मी संपवलं आहे, पण ताईचं शेवटचं पान अजून व्हायचं आहे. ती सावकाश वाचते. तिचं वाचून होईल, ती कागद मिटेल आणि मान वर करेल. टाळ्या तिला ऐकू येणार नाहीत, दिसतील. तेव्हा हात जरा उंच धरा. तोवर थांबू या. घाईनं टाळी देऊ नये, हे मला तिनंच शिकवलं आहे.